एकच दिवस बडोद्यात: रविवर्मा बघू की नंदलाल?

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, गुरुवारी सकाळी उतरतोय आणि रात्रीच्या गाडीने परत. लेकीला चित्रं बघायचीत, सासूबाईंनाही आणतेय. दिवस एकच आहे, काय बघू ते तू सांग." लेक सोळा वर्षांची, अकरावीत, पुढे चित्रकलेलाच जाणार म्हणते. सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी हैराण, पण बघण्याची हौस दांडगी.

एकतीस वर्षं मी इथल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवली. हा प्रश्न दर दिवाळीच्या सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं आणि मी "राजवाडा बघा, म्युझियम बघा" एवढं बोलून मोकळी होते. या वेळी तसं करवेना. मुलगी खरंच चित्र काढते. तिला भलत्याच दारात उभं केलं तर तिचा दिवस फुकट जाईल. म्हणून कागद घेऊन बसले आणि भाचीला सविस्तर लिहून पाठवलं. तेच जरा वाढवून इथे देते, कारण हा पेच तिच्या एकटीचा नाही.

आधी काय सोडायचं

सयाजीबागेतलं म्युझियम आणि त्याची पिक्चर गॅलरी मी यादीतून पहिली काढली. काढताना जीवावर आलं. आम्ही जुने बडोदेकर त्या बागेला अजून कमाटीबागच म्हणतो आणि माझं अर्धं बालपण तिथल्या जिन्यांवर गेलंय. सयाजीराव महाराजांनी मॅरियन स्पिलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडून युरोपातली चित्रं निवडून घेतली. गॅलरीची इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, पण पहिलं महायुद्ध पेटलं, चित्रं तिकडेच अडकली आणि गॅलरी उघडायला १९२१ साल उजाडलं. टर्नर, कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकारांची नावं तिथे भिंतीवर वाचायला मिळतात. अकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्ती तर एकदा बघितल्या की विसरत नाहीत. पण या म्युझियमला अर्धा दिवस पुरत नाही, आणि बरोबर लहान मूल असेल तर ते देवमाशाच्या सांगाड्यापासून हलत नाही. शिवाय पुण्यामुंबईच्या माणसाला जुनी युरोपियन चित्रं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही बघता येतात. त्यासाठी बडोद्याचा एकुलता एक दिवस खर्ची घालू नये.

दुसरा रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा. आतल्या भिंतींवर कृष्णलीला आहे, महाभारत आहे, लढाया आहेत, झगे घातलेल्या गोऱ्या बायकाही आहेत. रंगवणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. मराठी माणसाने तो बघावाच, आणि तो तासाभरात होतो. पण जिने उभे आहेत. सासूबाईंना ते झेपणार नाहीत.

मग उरले दोन दरवाजे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम, म्हणजे राजा रविवर्मा. आणि विश्वामित्री नदीजवळचं कीर्तिमंदिर, म्हणजे शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं.

दोघांना बोलावणारा राजा एकच

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. नंदलाल बोसांचा ३ डिसेंबर १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेरजवळच्या खडगपूरचा. मध्ये चौतीस वर्षं आणि अख्खा देश. दोघांचीही बडोद्याशी गाठ पडली ती सयाजीरावांमुळे.

डिसेंबर १८८१ मध्ये अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती कारभार सोपवला गेला. त्या सोहळ्याच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्यात आले. दुवा होते दिवाण टी. माधवराव. ते आधी त्रावणकोरचे दिवाण होते, म्हणून केरळचा हा चित्रकार त्यांच्या ओळखीचा. माधवराव मूळचे तंजावरचे मराठी. तंजावरच्या मराठी माणसाने मल्याळी चित्रकाराला गुजरातेतल्या मराठी राजाकडे आणलं, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि सांगताना दरवर्षी मला तितकाच आनंद व्हायचा.

नंदलालना बोलावणं गेलं तेव्हा हेच सयाजीराव पंचाहत्तरीला टेकले होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते गेले. नंदलालची पहिली भिंत त्याच वर्षीची आणि शेवटची १९४६ च्या सुमाराची. पुढचं सारं काम त्यांचे नातू प्रतापसिंहरावांच्या काळात झालं.

हे महत्त्वाचं का, तर हे दोघे एका पंगतीचे नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भगिनी निवेदिता, आनंद कुमारस्वामी या मंडळींनी रविवर्मांवर सडकून टीका केली होती. देवादिकांची चित्रं नाटकातल्या प्रवेशासारखी दिसतात, त्यांत भारतीय भाव नाही, असा त्यांचा आक्षेप. नंदलाल घडले ते बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांच्या हाताखाली, म्हणजे या टीकाकारांच्याच गोटात. तरीही बडोद्याच्या राजाने तरुणपणी एकाला हाक दिली आणि म्हातारपणी दुसऱ्याला. म्हणूनच ही तुलना बडोद्यात बसून करण्यात अर्थ आहे. भारतीय चित्र कसं असावं या प्रश्नाची दोन उलट उत्तरं इथे रिक्षाच्या एका भाड्याच्या अंतरावर उभी आहेत.

रविवर्मांकडे गेलात तर

आधी एक गैरसमज दूर करते. राजवाडा वेगळा आणि म्युझियम वेगळं. दरबार हॉल, रंगीत काचा, शस्त्रं बघून "रविवर्मा झाले" म्हणत परतणारे पाहुणे मी खूप बघितलेत. माझे दीर-जाऊ एका प्रवासी कंपनीच्या बसने आले होते. त्या बसने सगळं वीस-वीस मिनिटांत उरकलं. रात्री जेवताना विचारलं तर त्यांना फक्त झुंबरं आठवत होती. चित्रं बघायची तर त्याच आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये जायचं. ही इमारत मुळात राजपुत्रांची शाळा होती. म्युझियम झालं १९६१ मध्ये.

रविवर्मांनी तैलरंग कसे शिकले हे माहीत असलं तर ही चित्रं वेगळी दिसतात. चौदाव्या वर्षी ते तिरुवनंतपुरमच्या दरबारात आले. तिथले दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू तैलरंगाची विद्या द्यायला राजी नव्हते. त्यांचा एक शिष्य लपूनछपून थोडंफार सांगायचा. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर या माणसाने पुढे १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळवलं आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आपली दहा चित्रं मांडली. बघून बघून शिकलेला माणूस आहे हा. कापड कसं पडतं, दागिना कातडीवर कसा टेकतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने ते डोळ्यांनी मिळवलं.

१८८८ च्या सुमाराला सयाजीरावांनी त्यांना पुराणकथांवरची चौदा चित्रं करायला सांगितली. ती करण्याआधी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजा वर्मा उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. प्रश्न होता, दमयंतीला, सुभद्रेला नेसवायचं काय? बंगाल्याला, गुजरात्याला, मद्राशाला, सगळ्यांना आपली वाटेल अशी बाई काढायची होती. शेवटी साडीच ठरली. आपल्या आज्या ज्या साडीला नऊवार म्हणत त्या धाटणीची साडी त्यांच्या कितीतरी बायकांच्या अंगावर दिसते. १८९० च्या आसपास ही चित्रं तयार झाली आणि राजवाड्यात लागण्याआधी लोकांना बघायला खुली ठेवली गेली. बडोद्यात त्यासाठी गर्दी लोटली होती.

म्युझियममध्ये विश्वामित्र-मेनका आहे, नल-दमयंती आहे, शंतनू-मत्स्यगंधा आहे, सरस्वती आणि लक्ष्मी आहेत. नलाजवळ मी सगळ्यांना थांबवते. रान आहे, दमयंती गाढ झोपलेली, आणि तिला सोडून निघालेला नवरा. दोन माणसं, एक निर्णय. रविवर्मा नेहमी गोष्टीतला असा एक क्षण धरतात, ज्याच्या आधी आणि नंतर काय झालं हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. सासूबाईंना हे चित्र समजावून द्यावं लागणार नाही. उलट त्याच आपल्याला नलाख्यान ऐकवतील.

आता एक गोष्ट जवळून. आमच्या देवघरात रविवर्मांच्या छापखान्याची लक्ष्मी होती. काचेच्या चौकटीत, कडेला जराशी वाळवी लागलेली. आजीने तिच्या साडीच्या काठावर खरी जर चिकटवली होती आणि कपाळावर लाल टिकली. तेव्हा घरोघर असं करत. अकरा-बारा वर्षांची असताना वडिलांनी मला फत्तेसिंह म्युझियममध्ये नेलं आणि मूळ चित्रांसमोर उभं केलं. मी सरस्वतीच्या साडीच्या जरीशी नाक नेलं. जर नव्हतीच. पिवळ्या, तपकिरी, कुठे जवळजवळ पांढऱ्या रंगाचे बारके फटकारे होते, एकमेकांशी काही देणंघेणं नसल्यासारखे. वडील म्हणाले, "आता चार पावलं मागे ये." आले, आणि सोनं चमकायला लागलं. तैलरंग काय असतो ते मला त्या चार पावलांत कळलं. पुढे मी प्रत्येक मुलाला हेच करायला लावलं.

म्हणून "रविवर्मा तर घरी कॅलेंडरवर बघितलेत" हे कारण मी ऐकून घेत नाही. कॅलेंडरवर जे बघितलं तो छापखाना होता. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत जर्मन यंत्रं आणून छपाई सुरू केली. मग छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि काही वर्षांत तो त्यांनी विकूनही टाकला. त्या छपाईने देव घराघरात पोचवले. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली. हे काम लहान नाही. पण दगडी छपाईत कातडीची ऊब आणि सावलीतली हिरवट झाक येत नाही. मूळ चित्र बघणं म्हणजे लहानपणापासून डोळ्यांत बसलेली छापील प्रतिमा हळूहळू पुसणं. त्याला वेळ लागतो.

व्यवहाराचं म्हणाल तर म्युझियम एका मजल्यावर सावकाश फिरता येतं, चित्रं डोळ्यांच्या उंचीवर आहेत. तैलचित्रावर उजेड चमकतो. समोरून चेहरा दिसत नसेल तर किंचित बाजूला सरका. दीड तास ठेवा.

नंदलालकडे गेलात तर

कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचं स्मारक, १९३६ च्या सुमाराला बांधलेलं. शिखरावर ब्राँझमध्ये सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. तिथे पोचलेला माणूस पहिल्यांदा गप्प होतो. जागाच तशी आहे. तिकीटखिडकी, पाट्या, बाण असलं म्युझियमचं वातावरण तिथे नाही. वेळेची चौकशी आदल्या दिवशी करून घ्या, आयत्या वेळी हिरमोड नको.

आत मधल्या दालनात चार भिंती आणि चार विषय. गंगावतरण, मीराबाईचं चरित्र, नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध.

नंदलालच्या हाताला काय काय लागलं होतं ते आधी सांगते. १९०९ नंतर ते अजिंठ्याला गेले, लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीच्या तुकडीबरोबर लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानच्या बोलावण्यावरून बाघच्या लेण्यांत तेच काम केलं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंती त्यांनी बोटांनी वाचल्या होत्या. १९२२ पासून ते शांतिनिकेतनातल्या कलाभवनाचे प्रमुख. (बडोद्यातही १८९० पासून एक कलाभवन होतं, पण ते धंदेशिक्षणाचं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितलं.) १९३८ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी सुरतेकडच्या हरिपुरा इथल्या काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रफलक केले. शेतकरी, कुंभार, ढोलकीवाला, पिंजारी, सगळे साध्या मातकट रंगांत आणि जाड, धावत्या रेषेत. त्यानंतर बडोद्याची भिंत. राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट त्यांच्याच देखरेखीखाली झाली, ती या भिंतींच्याही नंतर.

रविवर्मांच्या चित्रातून थेट इथे आलात तर पहिली दहा मिनिटं काहीच मिळाल्यासारखं वाटणार नाही. चेहरे तपशिलाने रंगवलेले नाहीत. सावली जवळजवळ नाही. रंग टेम्पराचे, म्हणजे तेलाऐवजी अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले, वाळले की चमक नसलेले, भिंतीतच मुरल्यासारखे. भाचीला मी स्पष्ट लिहिलं, या दहा मिनिटांत बाहेर पडू नकोस.

मग रेषा दिसायला लागते. टेम्परा भराभर वाळतो. तैलरंगासारखं आज लावलं, उद्या पुसलं, परवा सुधारलं, हे चालत नाही. कुंचला टेकला की तो कुठे उचलायचा हे आधी ठरलेलं असावं लागतं. युद्धाच्या भिंतीसमोर उभं राहून मी मुलांना एक खेळ करायला लावत असे. डोळे उघडे ठेवून, हवेत बोटाने, एक रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवायची. कुठे बोट आपोआप जलद जातं आणि कुठे अडखळतं ते बघायचं. एका वर्षी एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, गिरवता गिरवता म्हणाला, "बाई, ही रेषा पळतेय." त्याला मी दुसरं काही शिकवलं नसतं तरी चाललं असतं.

नटीर पूजा ही रवींद्रनाथांच्या नाटकातली गोष्ट. श्रीमती ही दरबारातली नटी. बुद्धाच्या स्तूपासमोर पूजा करायला बंदी आहे, तिला तिथे नाचायला फर्मावलं आहे. ती नाचता नाचता अंगावरचे दागिने उतरवते. नाचच तिची पूजा होतो, आणि त्यापायी तिचा जीव जातो. नंदलालनी हाच विषय आधी शांतिनिकेतनच्या चीना भवनाच्या भिंतीवर १९४२ मध्ये रंगवला होता, बडोद्याची भिंत त्यानंतरची. इथे रविवर्मांशी फरक अगदी उघड होतो. दागिना रविवर्मांच्या चित्रात बाईला उभारी देतो. त्यांनी तो इतक्या प्रेमाने रंगवलाय की आपण हात पुढे करू. नंदलालच्या गोष्टीत दागिना उतरवायचा असतो. मी दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी गेले होते, पन्नाशीत असताना. संध्याकाळी घरी येऊन हातातल्या बांगड्या काढून बराच वेळ ओट्यावर ठेवल्या, आणि का ते मलाही सांगता येईना.

आणखी एक. भिंत हलत नाही. रविवर्मांचं चित्र तिरुवनंतपुरमला, म्हैसूरला, इतरही संग्रहांत भेटतं. या चार भिंती फक्त इथे आहेत. नंदलालची बाकीची भित्तिचित्रं बघायला शांतिनिकेतनला जावं लागेल. पुण्याच्या माणसाला बडोदं एका रात्रीच्या अंतरावर आहे.

व्यवहाराचं: बसायला सोय असेलच असं धरू नका. लांबून आणि पुन्हा जवळून बघायचंय, म्हणजे पायांना काम आहे. पुस्तकातला फोटो आधी बघून जाऊ नका, फोटोत भिंतीचा आकारच कळत नाही. आणि गोष्टी आधी वाचून जा. मीराबाई माहीत असते, नटीची गोष्ट बहुतेकांना नसते.

मग कुणी कुठे जावं

भाचीला मी तिच्या दोघींचा वेगवेगळा विचार करायला सांगितलं.

मुलीची चित्रं मी फोनवर बघितलीत. हात चांगला आहे. चेहरे छान काढते, डोळ्यांतला उजेड, केसांची बट, सगळं. पण प्रत्येक कागदावर एकच चेहरा, मधोमध, आणि बाजूला मोकळं रान. पाच माणसं एका चौकटीत कशी उभी करायची, कोण मागे, कोण पाठमोरं, कागदाचा कोपरा काय करतो, याला तिने हातच घातलेला नाही. ज्या गोष्टीत ती आधीच रमलीय ती रविवर्मांकडे अजून भरपूर मिळेल आणि ती खूश होऊन येईल. तिला जे येत नाही ते कीर्तिमंदिरात आहे. म्हणून तिला सकाळी, डोळे ताजे असताना, नंदलालकडे न्यावं. वहीत चेहरे काढू नकोस असं तिला सांगायचं. आख्ख्या भिंतीचा ढाचा सुपारीएवढ्या चौकोनात काढायचा, चार भिंतींचे चार चौकोन. ४बी पेन्सिल पुरे.

मुलगी उलट असती, म्हणजे मोठमोठे प्रसंग रचणारी पण हात, बोटं, कापड काढायला टाळाटाळ करणारी, तर मी तिला डोळे झाकून फत्तेसिंह म्युझियममध्ये पाठवलं असतं आणि एकाच साडीच्या एकाच निरीसमोर तासभर बसवलं असतं.

सासूबाईंसाठी रविवर्मा, यात मला शंका नाही. त्यांच्या पिढीने ही चित्रं पूजली आहेत. मूळ लक्ष्मीसमोर उभं राहणं त्यांना नुसतं चित्र बघणं वाटणार नाही. त्यांना घाई करू नका, आणि "आजी, हे छापील नाही, हे खरं" एवढं सांगून बाजूला व्हा. चालणंही तिथे कमी.

ज्यांनी आयुष्यात एकही मूळ तैलचित्र बघितलेलं नाही आणि चित्र शिकायचंही नाही, नुसती आवड आहे, त्यांनी रविवर्मांपासून सुरुवात करावी. नंदलाल तुमच्याकडून आधी काहीतरी मागतात. रविवर्मा आधी देतात. ज्यांनी मात्र रविवर्मा कुठे ना कुठे बघितलेत, केरळात किंवा म्हैसूरला, आणि आता बडोद्यात एकच गोष्ट निवडायची आहे, त्यांना मी कीर्तिमंदिरच सांगेन. सांगताना मला अजिबात अडखळायला होत नाही, आणि मी तर रविवर्मांच्या लक्ष्मीखाली वाढलेली बाई आहे.

दोन्ही एका दिवसात होतात का? होतात, पण क्रम पाळा. आधी नंदलाल, मग रविवर्मा. उलट केलंत तर तैलरंगाने दिपलेल्या डोळ्यांना भिंत फिकी दिसते आणि नंदलालवर अन्याय होतो. मध्ये दोन तासांची विश्रांती हवीच. शेवउसळ खा, आमच्याकडे येऊन पडा. दुपारचा चहा घेऊन निघालात तर म्युझियमला वेळ मिळतो. तिकिटाचे दर आणि सुट्टीचे वार बदलत असतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि मुलीला परतीच्या वाटेवर विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीवरून न्या, कमाटीबागेच्या अलीकडेच आहे. १९५० मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथे चित्रकला शिकवायला आले ते नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरचे, आपले मराठी. पुढे नंदलालचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यनही तिथेच शिकवायला आले.

भाचीचं उत्तर काल रात्री आलं. सकाळी ती लेकीला घेऊन कीर्तिमंदिरात जाणार. सासूबाई तोवर माझ्याकडे राहतील, आणि दुपारी आम्ही दोघी त्यांना फत्तेसिंह म्युझियमच्या दारात भेटणार. देवघरातली लक्ष्मी मी आजच पुसून ठेवलीय. आजीने लावलेली जर एका बाजूने सुटलीय, ती तशीच राहू दिली. सासूबाईंना आधी ती दाखवेन, मग रिक्षा बोलावीन.